लाल दुधाची चटणी

रोशन,

तुझ्या तेरवीच्या ताटात ती चटणी वाढता आली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तू तिकडे रुसून बसशील आणि इकडून तुझी समजूत काढायची काही सोय नाही. वडे होते, पुऱ्या होत्या, वांग्याची भाजी होती. तुला न आवडणारा भोपळासुद्धा होता, कारण तो तुझ्या भावानं आणला, आणि अशा दिवशी कोण कोणाला बोलणार! फक्त तू जिच्यासाठी जीव टाकायचास, ती ग्रीस देशाची तिखट चटणी नव्हती. का नव्हती ते सांगायलाच बसले आहे. मधेमधे बोलू नकोस, असं तुला सारखं सांगायचे मी. आता सांगावं लागत नाही, तर हात पुढे सरकत नाही.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू सहावीत होतास. मी चंद्रपूर शहरातली, आणि तुमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या आणि मधे तलाव. नवरी बघायला दारात गर्दी झाली होती. त्या गर्दीतून तू पुढे आलास आणि विचारलंस, "वैनी, तुले पोहता येते का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मंग तलावाच्या गावात कायले आली?" सगळे खो खो हसले. मला राग आला. मला राग पटकन येतो, हे तुला पुढे चांगलंच कळलं. पण या घरात माझ्याशी आपणहून बोललेलं पहिलं माणूस तू होतास, हेही मी विसरले नाही. तुझ्या आईला सगळं गाव माय म्हणायचं, मीही मायच म्हणू लागले. सासरे आधीच गेलेले होते. चार माणसांचं घर, त्यात तू शेंडेफळ.

तुझं दुखणं मला त्याच थंडीत कळलं. एका सकाळी तू अंथरुणातून उठलाच नाहीस. गुडघे, कंबर, दंडाची हाडं, सगळं आतून कोणीतरी पिळून राह्यलं, असं म्हणत होतास. माय गरम तेल चोळत होती आणि तू तिचाच हात धरून ओरडत होतास. मी दारात उभी होते. काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून पाणी तापवायला ठेवलं. त्यानंतर कितीतरी थंड्या गेल्या, मी बरंच काही शिकले, पण तुझं दुखणं उठलं की शेवटी मला पाणी तापवायला ठेवण्यापलीकडे काही करता आलं नाही.

शाळेत रक्त तपासून तुला सिकलसेलचं कार्ड मिळालं होतं. आपल्या भागात हा शब्द कोणाला नवा नाही. माय म्हणायची, "पोराचं रक्त पातळ आहे," आणि तुला गूळ-शेंगदाणे चारायची. पुढे मी अंगणवाडी सेविका झाले आणि ट्रेनिंगमध्ये सगळं नीट समजलं. हा आजार पाण्यातून येत नाही, हवेतून येत नाही, कोणाच्या नजरेनं तर नाहीच नाही. तो आईबापाच्या रक्तातून येतो. अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. ते दोघं ठणठणीत असतात, त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. तेव्हापासून मी घरोघरी सांगत फिरते, बायांनो, पोरापोरींची लग्नं जुळवायच्या आधी रक्त तपासून घ्या. लोक ऐकतात, कधी ऐकत नाहीत. मी मात्र घसा कोरडा करते.

आणि आपल्या घरात? आपल्या घरात तू माझ्या तोंडाला कुलूप लावलंस.

आठवतं तुला, गावात तपासणीचं शिबिर होतं तो दिवस? मी मायचं नाव दिलं होतं. शिबिराच्या सकाळी तू मायला मोटरसायकलवर बसवलंस आणि सिंदेवाहीच्या बाजारात घेऊन गेलास, म्हणे लुगडं घ्यायचंय. ती संध्याकाळी नवं लुगडं आणि हातात पितळी पाटल्या घालून आली, अशी खूश की विचारू नको. मी तुला गोठ्यामागे गाठलं. "गावाले ज्ञान वाटते मी, अन माह्याच घरात अंधार! तिले समजाले नको का?" तू बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होतास. म्हणालास, "काय करशीन सांगून, वैनी? बाबा तर गेले. राह्यली माय. तिनं मले नऊ महिने पोटात ठेवलं, एवढंच तिले मालूम राहू दे."

"उद्या दुसऱ्या कोनाकडून समजलं तर?"

"मंग तू आहेस ना."

तू आहेस ना म्हणजे काय, मी काय करायचं, हे विचारेपर्यंत तू निघून गेलास. हा वाद आपण पुढेही घातला. मी म्हणायचे, खरं ते सांगितलंच पाहिजे. तू म्हणायचास, सांगून काय होते ते सांग आधी. मी हरले नव्हते आणि तूही नाही. मला वाटायचं, आहे की अजून वेळ, कधीतरी पटवून देईन.

बारावी झाल्यावर तू वाघाच्या जंगलाच्या गेटजवळच्या रिसॉर्टमध्ये कामाला लागलास. आधी टेबलं पुसायला, मग आत स्वयंपाकघरात. उभ्यानं काम, तुला झेपेल का, असं आम्ही सगळे म्हणत होतो. तू म्हणालास, भट्टीजवळ हाडं दुखत नाहीत. तिथला शेफ बंगालकडचा होता, त्यानं तुला हाताखाली घेतलं. वाघ बघायला परदेशी पाहुणे यायचे. वाघ दिसला नाही की ते जेवणावर राग काढतात, आणि मग शेफ त्यांच्यापुढे ही चटणी ठेवतो, असं तू आम्हाला रंगवून सांगायचास. मिठाच्या पाण्यात मुरवलेलं चीज कुस्करायचं, त्यात भाजलेल्या लाल मिरच्या, घट्ट दही आणि तेल घालायचं, आणि लोण्यासारखं होईपर्यंत घोटायचं. त्या चीजला फेटा म्हणतात, आणि यावर घरात जेवढे विनोद व्हायचे तेवढे झाले. चटणीचं नाव तिरोकाफ्तेरी. सुट्टीवर आलास तेव्हा ते नाव तू आम्हा प्रत्येकाकडून म्हणवून घेतलंस. माय म्हणाली, "आलापल्लीच्या पुढच्या गावाचं नाव वाटते."

ते फेटा काही आपल्याकडे मिळत नाही. तू म्हणालास, घरीच करतो. गाय व्यालेली होती, दूध भरपूर होतं. तू मोठं पातेलं, आपला गंज, भरून दूध चुलीवर ठेवलंस. मी अंगणात तांदूळ पाखडत बसले होते. मायला तू विचारलंस, "लिंबू आहे का वं माय?" लिंबू नव्हतं. "कायले पायजे? आंबट पायजे असन तं अंबाडी आहे पाय," म्हणत तिनं फडताळातला डबा काढून वाळलेली अंबाडीची बोंडं स्वतः तुझ्या ओंजळीत घातली. तिला वाटलं, तू सरबत करणार आहेस. ती गोठ्यात गेली. तू बोंडं गरम पाण्यात भिजवलीस, गाळलीस आणि तो लालभडक रस उकळत्या दुधात ओतलास.

ती गोठ्यातून परत आली आणि अशी किंचाळली की माझ्या हातचं सूप पडलं.

मी धावत आत आले. गंजात दूध फाटलेलं, आणि गोळे पांढरे नाहीत, गुलाबी. त्याखालचं पाणी तर लालसर जांभळं. तुला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. तू मोठ्या खुशीत कपड्यात गाळायची तयारी करत होतास. पण मायचं तोंड उतरलं होतं. चांगलं दूध आपल्या हातानं फाडायचं नसतं, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. चुकून नासलं तरी ती चुकचुकायची. त्यात हे लाल. गाईच्या सडातून कधी रक्त उतरलं तर घरावर काहीतरी येतं, असं मानणारी बाई ती. "अरे बापा, घरात दूध लाल केलं रे पोट्ट्यानं! फेक ते, आधी फेक!" तिनं गंज ओढला, तू तो सोडेनास. मी मधे उभी राहून हसत होते. खरं सांगते, पोट धरून हसत होते. शेवटी तिनं मीठ आणि सुक्या मिरच्या गंजावरून उतरवून चुलीत टाकल्या, आणि मिरच्यांच्या खाटानं तिघंही खोकत बाहेर आलो.

तुझं पनीर तू कपड्यात बांधून पाट्याखाली दाबलंस, मग तुकडे करून मिठाच्या पाण्यात बरणीत ठेवलंस. दोन-चार दिवस रोज झाकण उघडून वास घ्यायचास. मग शेतातल्या ओल्या लाल मिरच्या तोडून आणल्यास, निखाऱ्यावर काळ्या होईपर्यंत भाजल्यास, सालं चोळून काढलीस. तिकडचं ऑलिव्हचं तेल आपल्याकडे कुठलं? तू जवसाचं घातलंस. वर लसूण. पाट्यावर घोटून घोटून तुझे खांदे दुखायला लागले तेव्हा मी वरवंटा हातात घेतला. तव्यावरच्या गरम, तांदळाच्या आयत्यांबरोबर तू सगळ्यांना वाढलंस. तुझ्या भावानं मोठा घास घेतला आणि तांब्याभर पाणी प्याला. मी खाल्लं. आधी खारट, मग आंबट, मग जवसाचा किंचित कडू वास, आणि शेवटी मिरची अशी चढते की कान गरम होतात. मी म्हटलं, "ठेचाच आहे हा. वरून पनीर टाकलं, एवढंच." तू किती चिडलास! "ठेचा ठेचतेत, वैनी. हे घोटतेत." ठेचा की चटणी, हा आपला दुसरा वाद. तो तर मी फक्त तुला चिडवायला घालायचे. चव मला पहिल्या घासालाच आवडली होती. तुला तसं कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

मायनं ताटात वाढूच दिलं नाही. पण दुपारी मी पाणी प्यायला उठले तर ती चुलीपुढे पाठ करून बसलेली, एका हातात शिळा आयता, दुसऱ्या हातानं वाटी पुसून खात होती. तू माझ्या मागेच उभा होतास. आपण दोघं पाय न वाजवता मागे फिरलो आणि अंगणात येऊन तोंडावर हात ठेवून हसलो. मग ती रीतच होऊन बसली. तू सुट्टीवर आलास की लाल दूध. नंतर घरात लिंबं असली तरी तू अंबाडीच घालायचास, म्हणायचास रंग येतो. माय दूध फाडायच्या वेळी गोठ्यात जाऊन बसायची, वरून मीठ-मिरची उतरवायची, आणि चटणी तयार झाली की सगळ्यांच्या आधी तिची वाटी पुढे. "लय तिखट आहे बाई," म्हणायची आणि पुन्हा घ्यायची.

या थंडीत तू आलास तेव्हा तुझ्याच्यानं वरवंटा धरवत नव्हता. तू घोंगडी पांघरून चुलीशी बसलास आणि मी घोटत होते. "अजून घोट, वैनी. अजून. दाणा राह्यला." मी म्हटलं, "येऊन घोट ना मंग स्वतः, साहेब." तू हसलास. डोळे पिवळे दिसत होते. मला ते दिसलं होतं, आणि तुझ्या भावालाही. आम्ही तुला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतंच, पण ताप त्याआधी चढला. गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू श्वास घेत होतास की श्वास तुला ओढत होता, कळत नव्हतं. मी हात चोळत होते, पाय चोळत होते. तापवायला पाणीही नव्हतं. तू काही मोठं बोलला नाहीस. "वैनी, खिडकी लाव," एवढंच. मी लावली. चंद्रपूरला सगळ्यांनी धावपळ केली, कोणाची काही चूक नाही. कोणाची तरी चूक असती तर मी तिथेच कोणाचा तरी गळा धरला असता. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना.

आता मायचं ऐक.

तुला नेलं त्या दिवशी ती रडली, दुसऱ्या दिवशीही. मग रडायची थांबली आणि म्हणायला लागली, "मीच देल्ली अंबाडी." आधी कोणाला कळेना. मग समजलं. तिच्या मनानं घेतलं होतं की घरात पहिल्यांदा दूध लाल झालं त्याच दिवशी तुझं जाणं ठरलं. पोराचं दुखणं रक्ताचं, आणि त्यानं घरात दुधाचं रक्त केलं. बोंडं दिली तिनं, तिच्या हातानं. आणि वरून ते खाल्लं. "मले गोड लागलं ना वं," ती मला म्हणाली. "पोट्ट्याच्या जिवाचं होतं ते, अन मी बोटं चाटून खाल्लं." हे ऐकून मी तिथून उठून गेले.

तिनं दूध घरात घ्यायचं बंद केलं. गाईचं सगळं वासराला. चहा काळा. मग भाकर सोडली, मग भात. पाण्याचे घोट घेते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. तुझ्या भावानं समजावलं, मग ओरडला, मग तिच्या पायाशी बसून रडला. शेजारच्या बाया आल्या. आरोग्य खात्याची आशाताई आली, नाडी बघून मला बाजूला घेऊन म्हणाली, "असंच चाललं तर म्हातारी राहाची नाई, बाई." ते मलाही दिसत होतं. तिच्या त्या पितळी पाटल्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या.

माझ्याकडे एकच उत्तर होतं, रोशन, आणि ते तू बंद करून ठेवलेलं. दुधानं काही झालं नाही माय, तो आजार घेऊनच जन्माला आला होता. हे वाक्य मी गावात कितीतरी दारांत उभी राहून बोलले आहे. एवढं बोलले असते तर अंबाडीवरचा दोष सुटला असता, दुधावरचाही. आणि मी तेच बोलायचं ठरवलं, तुझी माफी न मागता.

तेरवीच्या सकाळी पाहुणे यायच्या आधी मी दूध चुलीवर ठेवलं. म्हटलं, चटणी ताटात वाढायचीच, न मुरवता का होईना, आणि तिच्या डोळ्यांसमोर करायची. लिंबू चिरून ठेवलं होतं, म्हणजे तिला दिसेल, दूध फाटणं यात काही नसतं. ती भिंत धरत आली आणि चुलीपुढे बसली. "फाडू नको," म्हणाली. आवाज असा की जवळ असून वाकून ऐकावं लागलं.

मी म्हटलं, "माय, दुधानं काई नाई झालं. त्याले जन्मापासूनच होता तो रोग."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची नजर कुठेतरी ठरली. मला वाटलं, पोचलं. मग तिनं विचारलं, "जन्मापासून, म्हणजे कुठून आला? माह्या पोटातून?"

दूध वर यायला लागलं होतं. मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिनं परत विचारलं, "तू शिकलेली आहेस. सांग ना. मी देल्ला का त्याले?"

खरं उत्तर 'हो' होतं. अर्धं हो. ते माझ्या जिभेवर तयार होतं, रोज वापरून गुळगुळीत झालेलं. आणि मी तिच्या हातांकडे बघितलं, तुझे पाय चोळायचे तेच हात. एका दिवसाची अंबाडी तिला एवढं खात होती. ते नऊ महिने तिच्याकडून काढून घेतले असते तर काय उरलं असतं? बाजाराच्या त्या दिवशी तू तिला मोटरसायकलवर बसवून का पळालास, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं वाद घालून नाही कळलं ते.

"नाई माय," मी म्हटलं. "तुह्या पोटातून काई नाई आलं."

"मंग अंबाडीनंच झालं."

एक ओझं उतरवलं तर दुसरं डोक्यावर येतं, आणि काहीच नाही, पोरगा असाच गेला, हे तर तिला धरवतच नव्हतं. मलाही धरवत नाही. मी तोंड उघडलं आणि मला स्वतःला माहीत नसलेली गोष्ट बाहेर आली.

"ते अंबाडी तुही नव्हतीच, माय. त्यानं आधीच माह्याकडून घेतली होती. मी देल्ली. तुह्यावाली त्यानं वापरलीच नाई, परत डब्यात टाकली."

"तू?"

"हाव. मीच देल्ली. तू तं गोठ्यात होती."

ती उठली. मला वाटत होतं हिला आधार द्यावा लागेल, तर ती एकटी उठली. चुलीवरचा गंज पदरानं धरून उचलला, बाहेर गेली आणि सगळं दूध वासराच्या बादलीत ओतलं. मग अंगणात उभी राहून मला बोलायला लागली. काय काय बोलली! मी शहरातून आले, मी घर बुडवलं, मी तिच्या लेकराच्या हातात लाल विष दिलं, आणि वर हसत होते. हसत होते, हे तिला आठवत होतं. पाहुण्या बाया वाटेतच थबकल्या. "माह्या घरात दुधाले हात लावाचा नाई तू आता," ती म्हणाली, आणि तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. मी खाली मान घालून उभी होते. मनात एकच, ओरड माय, आणखी ओरड.

त्या दिवशी पंगत उठल्यावर तिनं भात खाल्ला. थोडाच, पण खाल्ला.

म्हणून चटणी ताटात नव्हती. कळलं आता?

तुझ्या भावानं मला एकटीला विचारलं, "खरंच तू देल्ली होती?" मी हो म्हटलं. त्याला खरं सांगितलं तर तो आईपुढे बोलून बसेल, त्याच्या पोटात काही राहत नाही. तो म्हणाला, "जाऊ दे, तुले काय मालूम होतं." म्हणजे त्यालाही पटलं, बघ. हापशीवर बाया बोलत असतात आणि मला बघून गप्प होतात. अंगणवाडीत पोरं येतात, पण एका आईनं परवा डब्यातली खिचडी हुंगून पाहिली. मला राग आला. लगेच येतो, तुला माहीत आहे. पण तोंड उघडता येत नाही, हे माझ्यासारखीला किती जड जातं ते तुलाच कळेल. कधी कधी वाटतं जाऊन सगळं ओकून टाकावं. मग घरी येते आणि मायच्या ताटाकडे बघते, भाकर संपली की नाही ते.

तो वाद तू जिंकलास, रोशन. मला अजूनही वाटतं खरं ते सांगावं. उद्या परत दुसऱ्याच्या दारात उभी राहून मी तेच सांगणार आहे. पण आपल्या दारात तू जिंकलास, आणि जिंकल्याचं तोंड दाखवायलाही थांबला नाहीस.

आज सकाळी मायनं चहा केला. दुधाचा, आलं घालून. तुझ्या भावाला दिला, स्वतः बशीत ओतून प्याली. माझ्यापुढे काळा चहा ठेवला आणि गोठ्यात गेली. तिला भिंत धरावी लागली नाही. मी चहा प्यायले, कडू होता.

अंबाडी कोणी दिली, ते मायशिवाय फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता मायला माझं खोटंच खरं वाटतं आणि मला बोलता येत नाही, कारण मी बोलले की ती तो प्रश्न पुन्हा विचारेल. तुझं ती ऐकायची. तेव्हा कधी तिच्या स्वप्नात आलास तर जवळ बस आणि एवढं सांग, "माय, वैनीनं काई नाई केलं." तेवढंच सांग.

बाकीचं सांगू नकोस.